बस, ऊठ, ये, जा : क्रियापदांच्या वर्गाआधी

दुसरीच्या वर्गात मी फळ्यावर एक वाक्य लिहिलं होतं : 'मुलाने उडी मारली.' खाली सूचना होती, क्रियापदाखाली रेघ ओढा. पाट्या गोळा केल्या, तर निम्म्याहून अधिक मुलांनी 'उडी'खाली रेघ ओढली होती. मी पुन्हा व्याख्या सांगितली, क्रिया दाखवणारा शब्द म्हणजे क्रियापद. तेव्हा दुसऱ्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, उडी म्हणजे क्रियाच की. खुर्ची थोडीच आहे ती!"

त्याचं म्हणणं खरं होतं. मी दिलेल्या व्याख्येत 'उडी' बसत होती, 'धाव' बसत होती, 'नाच' आणि 'खेळ'ही बसत होते. उलट 'आई घरी आहे' या वाक्यातलं 'आहे' बसत नव्हतं, कारण तिथे कोणी काही करताना दिसतच नाही. 'मला आंबा आवडतो' यातही हात-पाय हलत नाहीत. मुलं व्याख्येशी प्रामाणिक राहिली होती. तोकडी होती ती व्याख्याच.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली निघालं आणि मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली. त्या परंपरेत क्रियापदाची ओळख सांगताना वाक्य पुरं करण्याच्या त्याच्या कामाला मोठं स्थान आहे. प्राथमिक वर्गापर्यंत येता येता हा अर्धा भाग कुठेतरी गळून पडला आणि सोपं करून सांगायचं म्हणून फक्त 'क्रिया दाखवणारा शब्द' उरला. सोपं करताना आपण ते चुकीचं केलं. सहा-सात वर्षांच्या मुलाला खोटं सोपं सांगण्यापेक्षा खरं काहीतरी करायला द्यावं, या एका आग्रहातून पुढची पानं लिहिली आहेत.

त्या दिवशी उरलेल्या तासात मी फळा पुसला आणि वाक्य बदलत गेले. मुलगा उडी मारतो. मुलगी उडी मारते. मुलं उडी मारतात. उद्या मुलगा उडी मारेल. "कोणता शब्द सारखा कपडे बदलतोय?" असं विचारल्यावर सगळा वर्ग एका आवाजात 'मारतो'कडे बोट दाखवू लागला. 'उडी' आपली जागच्या जागी होती. एका मुलीने शंका काढली की 'उड्या मारतात' असंही म्हणतात, तेव्हा उडीपण बदलते. मग आम्ही तेही तपासलं. उडीच्या 'उड्या' होतात त्या एक की अनेक यावरून. आज की उद्या याच्याशी उडीला देणंघेणं नाही. 'आई घरी आहे' घेतलं. काल आई घरी होती. उद्या आई घरी असेल. आहे, होती, असेल : आवाजाने एकमेकांचे कोणीच न लागणारे तीन शब्द, पण मुलांनी ते एका घरचे म्हणून झटकन ओळखले. व्याख्येला जे 'आहे' सापडत नव्हतं, ते या खेळात पहिल्या फटक्यात सापडलं.

मुलाला क्रियापद येतं का, हा प्रश्नच उलटा आहे. शाळेत पाऊल टाकण्याआधी त्याला शेकडो क्रियापदं येत असतात आणि ती चालवायचे नियमही. आपलं काम त्याला ते कळतंय याची जाणीव करून देणं आणि त्याची शिदोरी वाढवणं, एवढंच.

मराठीने तर लहान मुलांवर एक खास कृपा केली आहे. व्याकरणात ज्याला धातू म्हणतात, म्हणजे क्रियापदाचं प्रत्यय न लागलेलं मूळ रूप, तेच आपल्याकडे 'तू'ला दिलेली आज्ञा असतं. बस, चल, ये, जा, दे, घे, खा, पी. रांगणाऱ्या बाळाला आई दिवसभर जे सांगते ते निव्वळ धातूच असतात. मूल बोलायला लागतं तेही 'दे', 'घे', 'नको' असंच. ('नको' हेही क्रियापदच आहे हे मोठ्यांच्याही लक्षात नसतं.) म्हणून पहिलीच्या वर्गात क्रियापदांची सुरुवात आज्ञेपासून करावी. 'शिवाजी म्हणतो' हा खेळ महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक अंगणात खेळला गेला आहे. शिवाजी म्हणतो वाका, शिवाजी म्हणतो गिरकी घ्या. तो खेळ तसाच उचलून वर्गात आणा. काही दिवसांनी तोंडी आज्ञेऐवजी चिठ्ठी द्या : 'टाळी वाजव', 'दार लोट', 'कुजबुज', 'पाय आपट'. मूल चिठ्ठी मनात वाचतं, उठतं आणि करून दाखवतं. त्याला वाचता आलं की नाही, हे वेगळं विचारावंच लागत नाही.

ही कल्पना माझी नाही. मारिया माँटेसोरी यांच्या पद्धतीत मुलं अशाच लिहिलेल्या आज्ञा वाचून कृती करतात आणि तिथे क्रियापदाची खूण लाल गोल असते, नामाची काळा त्रिकोण. नाम स्थिर, क्रियापद घरंगळणारं. माँटेसोरीबाई १९३९ साली मद्रासजवळच्या अड्यारला आल्या, पण त्याच्या आधीच गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला ती शिकवण आपल्या मातीत रुजवायला घेतली होती. पुढे ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला आणि मग अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी ते काम नेलं. महागडी साधनं तिथे शक्य नव्हती. पानं, बिया, खडे, शंख-शिंपले हीच साधनं झाली. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तर शाळाच कुरणात गेली. मला त्या कुरणशाळेचं फार अप्रूप वाटतं. गुरं वळणं, हाकणं, पाण्यावर नेणं अशी क्रियापदं जिथे आजूबाजूला चालत-फिरत असतात, तिथे ती शिकवण्यासाठी चित्राच्या तक्त्याची काय गरज?

नाम दाखवता येतं. टेबलावर पेरू ठेवला की तो तासभर तिथेच राहतो. क्रिया मात्र दाखवता दाखवता संपून जाते. 'पडला' म्हणेपर्यंत खडू पडून झालेला असतो. त्यामुळे चित्रावरून क्रियापद शिकवणं फसवं ठरतं. मुलीच्या हातात चेंडू असलेलं चित्र 'फेकते'चं आहे की 'झेलते'चं? जिना आणि मुलगा असं चित्र चढण्याचं की उतरण्याचं? क्रियापदं जोडीने आणि करून दाखवावी लागतात. ये आणि जा, ने आणि आण, दे आणि घे यांतला फरक कोण कुठे उभं आहे यावर ठरतो. त्यासाठी मूठभर चिंचोके पुरतात. दोन मुलं समोरासमोर बसवा, एकाने चिंचोका द्यायचा, दुसऱ्याने घ्यायचा आणि प्रत्येकाने आपापल्या बाजूने बोलायचं : 'मी दिला', 'मी घेतला'. एकच चिंचोका, एकच हालचाल आणि दोन क्रियापदं!

आता भूतकाळाकडे येते, कारण शिक्षकांचा लाल पेन सगळ्यात जास्त तिथेच झिजतो. लहान मूल 'मी करलं' म्हणतं, 'सांगलं' म्हणतं, 'बाबा जाला' म्हणतं. आपण लगेच दुरुस्त करतो : केलं, सांगितलं, गेला. पण हे मूल 'करलं' कुठून शिकलं? बहुतेक घरांत तसं कोणी बोलत नाही. (काही बोलींत 'बघलं' मोठ्यांच्या तोंडीही असतं, ती गोष्ट निराळी.) बस-बसला, पड-पडला, चढ-चढला ही रूपं ऐकून त्याने स्वतःच नियम काढला आणि तो 'कर'ला लावला. पाठ करणाऱ्या मुलाच्या तोंडून 'करलं' कधीच येणार नाही. ज्याला नियम कळलाय त्याच्याच तोंडून ते येतं. जीन बर्को या संशोधिकेने १९५८ साली इंग्रजी बोलणाऱ्या मुलांबाबत हेच वेगळ्या वाटेने दाखवलं. तिने भाषेत नसलेले शब्द बनवले, चित्रं दाखवली आणि चार ते सात वर्षांच्या मुलांना रूपं चालवायला सांगितली. कधीही न ऐकलेल्या शब्दांनाही मुलांनी बऱ्याचदा बरोबर प्रत्यय लावले.

मी हा प्रयोग मराठीत खेळ म्हणून करते. फळ्यावर 'लुपट' असं लिहायचं आणि सांगायचं की हे एका गमतीदार प्राण्याचं काम आहे. मुलं काही सेकंदांत सुरू होतात : तो लुपटतो, ती लुपटते, ते पिल्लू लुपटलं, आम्ही उद्या लुपटणार, लुपटून दमलो, बाईंनी आम्हाला लुपटवलं. शेवटचं रूप ज्या मुलाने केलं त्याला प्रयोजक हा शब्द अजून पाच वर्षं ऐकायला मिळणार नव्हता. या खेळात कोणी चुकत नाही, त्यामुळे कधी न बोलणारी मुलंही बोलतात. त्यानंतर जा-गेला, ये-आला, हो-झाला, कर-केला, पी-प्याला, घे-घेतला अशी हट्टी क्रियापदं वेगळी काढून दाखवली, तर मुलं त्यांच्याकडे चुकीच्या धाकाने न बघता नवलाने बघतात. आणि ती आहेतही मोजकीच.

भूतकाळातच मराठीचा एक चमत्कार आहे. मी आंबा खाल्ला. मी चिंच खाल्ली. मी बोर खाल्लं. खाणारी मी तीच, पण क्रियापद माझ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ते जे खाल्लं त्याच्या मागे जातं. अनेक झाले तर आंबे खाल्ले, चिंचा खाल्ल्या, बोरं खाल्ली. आणि समोरच्याला उद्देशून बोलताना तर 'तू चिंच खाल्लीस' : त्यातली 'ली' चिंचेसाठी, 'स' तुझ्यासाठी. यातलं काहीही समजावून न सांगता चार वर्षांचं मूल हे बिनचूक बोलतं. कर्मणी प्रयोग हे नाव हायस्कुलात भेटेल तेव्हा भेटो. तिसरीच्या मुलांसमोर एक टोपली ठेवा, त्यात खरे किंवा मातीचे आंबे, चिंचा, बोरं टाका आणि बघा. कोणतं फळ हातात आलं की क्रियापदाचं शेपूट कसं वळतं, हे मुलं स्वतःच शोधून काढतात. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा एक मुलगी हरखून म्हणाली, "बाई, फळच सांगतंय काय बोलायचं ते." यापेक्षा नेमकं मला कधी सांगता आलेलं नाही.

इथे माझ्या हातून घडलेली एक गोष्ट लिहायलाच हवी. माझं बालपण पुण्यात गेलं आणि पहिली नेमणूक मिळाली कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात. पहिल्याच महिन्यात एक मुलगी उशिरा आली आणि दारातून म्हणाली, "बाई, मी आलो." मी म्हटलं, "आलो नाही, आले म्हण. तू मुलगी ना?" वर्ग हसला. ती खाली बसली. पुढचे कित्येक दिवस ती दारात नुसती उभी राहायची, मी मान हलवली की आत यायची. तिचं ते न बोलणं मला तेव्हा शिस्त वाटली. त्या भागात बायका-मुली स्वतःबद्दल 'मी आलो', 'मी गेलो' असं सर्रास बोलतात, हे मला पालकसभेत कळलं, तिच्या आईने आणि आजीने माझ्यासमोर तसंच बोलल्यावर. मी एका सात वर्षांच्या मुलीला सांगितलं होतं की तुझ्या आईचं, आजीचं बोलणं चूक आहे आणि तेही चारचौघांत.

तेव्हापासून माझ्या फळ्यावर चूक-बरोबर असे रकाने नसतात. एकावर 'घरचं' आणि दुसऱ्यावर 'पुस्तकातलं' असं लिहिलेलं असतं. 'करतो आहे' हे पुस्तकातलं. नागपूर-अमरावतीकडे ते 'करून राहिलो' होतं, लातूर-नांदेडकडे 'करायलो', कोल्हापूरकडे 'कराय लागलोय', मालवणीत 'करतंय'. सगळ्यांचं काम एकच, काम चालू आहे हे सांगणं. मूल दोन्ही रकाने भरतं, तेव्हा ते एकातून दुसऱ्यात जायला शिकतं आणि त्यासाठी घर मागे टाकावं लागत नाही. गोंडी, कोरकू, भिली बोलणाऱ्या घरांतून आलेल्या मुलांसाठी तर हा घरचा रकाना म्हणजे वर्गात शिरण्याचं दारच असतं. पुस्तकातलं रूप शिकवायचं नाही असं मी म्हणत नाही. ते नीट शिकवलंच पाहिजे, कारण पुढची पुस्तकं आणि परीक्षा त्यातच आहेत. फक्त ते आधीच्याच्या शेजारी ठेवायचं.

आणि आता ज्या गोष्टीने मला या लेखनाला बसवलं ती. आपल्या मुलांची क्रियापदं कमी होत चालली आहेत.

स्वयंपाकघरात जाऊन पाहा. गहू दळायचे, चटणी वाटायची, दाण्याचं कूट कुटायचं, डाळ भरडायची, साळी कांडायच्या. प्रत्येकाचं हत्यार वेगळं, आवाज वेगळा, हाताची चाल वेगळी. आता हे सगळं 'ग्राइंड करणे' झालं. भाजी चिरणं, सुपारी कातरणं, कोथिंबीर खुडणं, फांदी छाटणं, ऊस तोडणं हे सगळं 'कट करणे'. कणीक मळतात आणि तिंबतात, पोळी लाटतात, भाकरी थापतात, पापड भाजतात, पुरी तळतात, कांदा परततात, मोदक उकडतात, दूध विरजतात, दही घुसळतात, लोणी कढवतात. मूल म्हणतं, "आई जेवण बनवते." कपड्यांचंही तेच : सदरा घालतात, साडी नेसतात, फेटा बांधतात, शाल पांघरतात, गजरा माळतात. या पाच क्रियापदांच्या जागी एकच 'घालते' आलं, तर पाच हालचाली मुलाच्या नजरेतूनही निसटतात.

परकी नामं भाषेत आली तर मला वाईट वाटत नाही. टेबल, बस, पेन या शब्दांना आपण कधीच प्रत्यय लावून घरात घेतलं. पण परकं क्रियापद मराठीत एकटं येत नाही, त्याला बहुधा 'करणे'चा हात धरावा लागतो. ड्रॉ करणे, ओपन करणे, मिक्स करणे. मुंबई-पुण्याच्या इंग्रजी शाळांतल्या मराठी मुलांचं हे होतं, अमेरिकेत रविवारी मराठी शाळेत येणाऱ्या मुलांचंही होतं आणि आता खेड्यातही होऊ लागलं आहे. मुलाच्या वाक्यात प्रत्यय चालवायला एकटं 'करणे' उरतं आणि बाकीची शेकडो क्रियापदं माळ्यावर जातात.

यावर उपाय म्हणून यादी पाठ करून घेऊ नये. भांड्यांपासून सुरुवात करावी. लाटतात ते लाटणं, किसतात ती किसणी, गाळतात ती गाळणी, चाळतात ती चाळणी, खवतात ती खवणी, झाकतात ते झाकण, उलथतात ते उलथणं, झाडतात तो झाडू. निरुक्तात यास्काने शाकटायनाचं एक मत नोंदवलं आहे की सगळी नामं धातूंपासूनच निघाली. पंडितांचा त्यावर वाद झाला, गार्ग्याला ते पटलं नव्हतं. पण आपल्या मांडणीवरच्या भांड्यांपुरतं शाकटायनाचं म्हणणं मुलांना सहज पटतं. एका मुलाने स्वतःहून विचारलं होतं की मग विळी काय करते. त्या प्रश्नावर आमचा अर्धा तास गेला आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही.

बारकावे मुलांना कळत नाहीत, असा एक समज आहे. त्या समजाला माझ्याकडे एकच उत्तर आहे. वर्गात पाण्याची बाटली पडते आणि ज्याच्या बाकाजवळ पडली तो मुलगा लगेच म्हणतो, "मी नाही पाडली, ती पडली." पडणे आणि पाडणे, फुटणे आणि फोडणे, तुटणे आणि तोडणे यांतला फरक मुलांना पुरता ठाऊक असतो, कारण त्यावर त्यांची शिक्षा अवलंबून असते. 'सांडलं' मात्र दोन्हीकडे चालतं. 'दूध सांडलं' म्हटलं की सांडणारा कोण ते सांगावंच लागत नाही, आणि मुलं हा आडोसा बरोबर वापरतात. सकर्मक-अकर्मकाचा धडा याच प्रसंगांवर उभा करता येतो. पुढे एक संपूर्ण प्रकरण अशा भांडणांवर आहे.

क्रियापद हा शब्द मुलांना केव्हा सांगावा, असं मला अनेक शिक्षक विचारतात. माझ्या अनुभवात तिसरीच्या मध्यावर, तेही मुलांनीच 'हे जे बदलत राहतात त्या शब्दांना काही नाव आहे का' असं विचारल्यावर. दरवर्षी कोणीतरी विचारतंच. तोवर 'काम करणारे शब्द' किंवा मुलांनी ठेवलेलं कुठलंही नाव चालतं.

कोल्हापूरकडच्या त्याच शाळेत दिवाळीनंतर मी मुलांना सांगितलं की घरून एक काम आणा, असं काम की ज्याचं नाव वर्गात कोणालाच माहीत नसेल. कोणी 'कोळपणं' आणलं, कोणी 'शेणानं सारवणं', कोणी वडिलांच्या दुकानातून 'रंधा मारणं'. ती मुलगी, दारात मुकी उभी राहणारी, आजीचं सूप घेऊन आली होती. मी पाहिलं आणि म्हणाले, "पाखडणं, हो ना?" तिने मान हलवली. नाही. मग कितीतरी दिवसांनी ती वर्गात मोठ्याने बोलली. "उफणायचं हाय, बाई. पाखडाय वारं लागत न्हाई. उफणाय लागतंय." सुपातून धान्य उंचावरून सोडायचं, जड दाणा खाली पडतो आणि भुसा वाऱ्यावर जातो, हे तिने हातांनी दाखवलं. मी म्हटलं, टेबलावर चढून दाखव. तिने खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हितं वारं न्हाई. भाईर चला."

आणि सगळा वर्ग तिच्या मागून पटांगणात गेला.